बर्डेबाईंची घासाघीस

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आत बर्डेबाईंचा प्रश्न यायचा, "फुलंब्री, आज किती?"

मी फुलंब्रीहून रोज बसनं ये-जा करायचो म्हणून माझं नाव फुलंब्री. खरं नाव त्यांना चांगलं पाठ होतं, पण ते त्या माझ्यावर चिडल्या तरच वापरायच्या. 'किती' म्हणजे दहापैकी किती सुखी. आमच्या संस्थेचं तेव्हा तेच काम चाललं होतं. डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांवर जायचं, शाळकरी पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना विचारायचं, की तुमचं बरं चाललंय का आणि किती बरं. वयाच्या कुठल्या टप्प्यावर माणसाचं बरेपण वाढतं, कुठं गळतं, हे त्यातून काढायचं. बर्डेबाई या कामावर पर्यवेक्षक होत्या. वस्तीवर विचारायचं ते आधी आपल्या माणसांना विचारून बघावं, असं सांगून त्यांनी आम्हांला रोज धारेवर धरलं होतं.

मी म्हणायचो, "सात."

"सात? थोबाड तर चारचं दिसतंय."

"बरं, सहा."

"पाच लाव. उभ्यानं आलायस आज बसमधी. शर्ट बघ कसा झालाय."

"साडेपाच."

"चल, साडेपाच. दुपारी डबा खाल्ल्यावर परत बघू."

शहागंजातल्या भाजीवाल्यांनी हात जोडले असते अशी घासाघीस. आमच्या जीपचे चालक इस्माईलभाई मात्र एका आकड्यावर ठाम असायचे. "मेरा आठ पकडो बाई, रोज का."

"रोज आठ कसं असंल हो?"

"दस बोला तो घरवाली पूछती, मेरेकू देखे बगैर दस कैसे हुआ? आठ में सबकी इज्जत रहती."

आमचे प्रमुख पाठक सर आकडा सांगायचेच नाहीत. मोजणी हा त्यांचा जन्माचा ध्यास. "बर्डेबाई, मी मोजणारा माणूस आहे," असं म्हणून ते सुटू पाहायचे. त्यावर बाई विचारायच्या, "मोजणाऱ्याला मोजू नये असा जीआर निघालाय का सर?"

या सरांनीच त्यांना नोकरीवर घेतलं होतं. मुलाखतीला मी टिपणं काढायला बसलो होतो. बुटकी, रुंद अंगाची, चापूनचोपून तेल लावलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली बाई आत आली आणि आमच्याआधी बसली. सरांनी विचारलं, "सुख मोजता येतं असं तुम्हांला वाटतं?"

"काटा कोणता वापरता त्यावर हाय," बाई म्हणाल्या. "सोनाराचा का कोळशाच्या वखारीचा?"

सर इतके खूश झाले की पुढचे प्रश्न विसरले.

बाई मूळच्या कन्नडच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेल्या एका भिल्लवस्तीतल्या. आश्रमशाळा, मग शहरातलं वसतिगृह, मग समाजकार्याची पदवी, मग बरीच वर्षं मास्तरकी. नाव सुपडाबाई. या नावाची गोष्ट त्या दिमाखात सांगायच्या. "माझ्या आधीची दोन लेकरं टिकली नायत. म्हणून मला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, पाखडलं आन् मग ठेवून घेतलं. फोलपट असते तर उडून गेले असते." नवऱ्याचा विषय निघाला की म्हणायच्या, "होता. गेला." ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की जरा थांबून पुढं सांगायच्या, "वर नाय गेला. नाशिकला गेला."

असल्या बाईला बोलायचं थांबवू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे घाट. त्यांना गाडी लागायची. पुढच्या सीटवर बसून, आलं चघळून, लिंबू हुंगूनही दौलताबादचा चढ सुरू झाला की बोलणं बंद. इस्माईलभाई न सांगता एका ठरावीक वडापाशी जीप उभी करायचे. बाई उतरायच्या, मोकळ्या व्हायच्या, चूळ भरून परत बसायच्या आणि तुटलेलं वाक्य तुटलं तिथून पुढं सुरू करायच्या.

आमचं काम सुरू झालं ते नेमकं दुष्काळात. माणसाचं एकंदर आयुष्य कसं चाललंय हे विचारायला पाठक सरांकडं शिडीचं एक चित्र होतं. दहा पायऱ्यांची शिडी. सगळ्यात वरची पायरी म्हणजे सगळ्यात चांगलं जगणं, सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. माणसानं आपण कुठं आहोत तिथं बोट ठेवायचं. बाईंच्याच वस्तीपासून सुरुवात झाली. आम्ही घरोघर फिरलो. जो तो बोट ठेवायचा ते तळाच्या पायरीवर. एका आजोबांनी तर चित्राच्या खाली, थेट जमिनीवर ठेवलं.

परतीच्या वाटेवर बाई गप्प होत्या. घाट अजून लांब होता तरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांच्या टेबलावर हात आपटला. "सर, माझी माणसं इतकी दुःखी नायत. गरीब हायत, तहानलेली हायत, पर दुःखी नायत."

"आकडे तसं म्हणत नाहीत, बाई."

"मग आकड्यांची गाठ घालून देते, चला."

सर खरंच आले. भर दुपारी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा सगळ्या बायका विहिरीवर होत्या. पाणी पार तळाला गेलेलं. विहिरीत एक लाकडी शिडी सोडली होती आणि एक पोरगी तिच्यावरून हंडा घेऊन उतरत होती. तळाच्या पायरीवर पोचून तिनं हंडा बुडवला आणि वरच्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम 'हां' निघालं.

बर्डेबाईंनी त्या पोरीकडं बघितलं. मग पिशवीतलं चित्र काढून त्याच्याकडं बघितलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. जमिनीवर बोट ठेवणारे आजोबा तिथंच होते. त्यांना हाक मारून त्यांनी विचारलं, "बाबा, परवा तुम्ही शिडीच्या बी खाली बोट का ठेवलं?"

"पाणी तिथंच असतंय ना," आजोबा म्हणाले. "वर काय हाय? ऊन."

"आन् सगळ्यात वरच्या पायरीवर कोण असतंय?"

"तिथं सरपंच. नुसता वाकून बघतो."

पाठक सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे वस्ती तळाला नाही, दहावर आहे?"

"तसं बी नाय सर," बाई एकदम गंभीर झाल्या. "काहींनी खालचं म्हणजे वाईट म्हणूनच दाखवलं असंल. आता कुणाचं बोट पाण्यावर होतं आन् कुणाचं दुःखावर, कसं कळायचं?" उठताना पदर झटकत त्या हळूच मला म्हणाल्या, "ह्याच विहिरीवर पाणी भरलंय मी. तरी त्या दिवशी मलाबी कळलं नाय. लई वर्षं शहरात राहिले रे."

शिडी गेली आणि चिंचोके आले. ही कल्पना बाईंची. प्रत्येकाला दहा चिंचोके आणि एक करवंटी द्यायची. जितकं बरं वाटतं तितके करवंटीत टाकायचे. सर खूश, बाई त्याहून खूश. पहिला प्रयोग आश्रमशाळेत.

तिथं मुख्याध्यापक पोरांच्या मागं हात बांधून उभे राहिले. ते बघताच पहिल्या चारही पोरांनी दहाच्या दहा चिंचोके टाकले. बाईंनी त्यांच्याकडं बघून अत्यंत आदरानं हात जोडले. "सर, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचं मत आधी पाहिजे. फुलंब्री, सरांना घे."

मी मुख्याध्यापकांना लिंबाखाली नेलं आणि मोठ्या माणसांची लांबलचक प्रश्नावली काढली. सुरुवातीला ते छाती काढून उत्तरं देत होते. 'रात्री झोप कशी लागते' या प्रश्नाशी आल्यावर त्यांनी बांधलेले हात सोडले. मग म्हणाले, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं हो." त्यानंतर ते बदलीबद्दल बोलले, गावाकडच्या आईबद्दल बोलले, आणि प्रश्न संपले तेव्हा म्हणाले, "अजून असतील तर विचारा ना."

तोवर बाईंना हवं ते मिळालं होतं. एका चिमुरड्या पोरीनं दहा टाकले होते.

"खरं दहा?" बाई म्हणाल्या.

"आज तुम्ही आलात म्हणून. काल दोन होते."

"काल दोनच का गं?"

"अंघोळीचा नंबर नव्हता आला. चार दिवस झाले."

बाकीच्यांशी बोलल्यावर कळलं की कुणाचाच आलेला नव्हता. पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. हे सगळं होईस्तोवर आमचे निम्मे चिंचोके गायब झाले. शोध घेतला तर मोठी पोरं स्वयंपाकघरातल्या चुलीवर ते भाजून खात होती. बाईंनी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, पोरांनी सुख भाजून खाल्लं. उद्या जास्तीचं द्या."

फोन ठेवला आणि म्हणाल्या, "इस्माईलभाई, कन्नडला घ्या." तिथल्या कचेरीत पाण्याचे टँकर ठरवणाऱ्या साहेबांपुढं अर्जदारांची गर्दी होती. बाई सरळ पुढं गेल्या, साहेबांपुढं करवंटी ठेवली आणि मोठ्यानं विचारलं, "साहेब, सरकारी पाहणी हाय. दहापैकी आज किती सुखी हाय तुम्ही?"

आमची पाहणी सरकारी नव्हती. मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिलो.

साहेब हसून म्हणाले, "आठ समजा."

"आठ?" बाई गर्दीकडं वळल्या. "पटतंय का रे? आश्रमशाळेतली लेकरं चार चार दिवस अंघोळीविना हायत, पुढ्यात एवढी माणसं टँकरसाठी तिष्ठत हायत, आन् साहेब आठ! मला तर नऊ वाटतंय. दहाच लावू का?"

"सहा," साहेब कसनुसं म्हणाले.

"कमी करू नका साहेब. टँकर वाढवा, मी खुशीनं दहा लावते."

गर्दी हसली. साहेबही हसले, दुसरा इलाज नव्हता. आश्रमशाळेला टँकरची जास्तीची खेप त्याच आठवड्यात सुरू झाली. पाठक सरांना 'सरकारी पाहणी' हे शब्द कुठून तरी कळले आणि त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. आतून बराच वेळ सरांचा आवाज येत होता. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर आज तीनवर हायत. कुणी आत जाऊ नका."

मग म्हाताऱ्यांची पाळी आली. वस्तीतल्या ज्या घरांची निवड झाली होती त्यांत बाईंच्या आईचं, भुराबाईंचं घर होतं. नात्यातल्या माणसाला आपण विचारायचं नाही असा नियम, म्हणून मला पाठवलं. बाई इस्माईलभाईंबरोबर लांब पळसाखाली थांबल्या. म्हणजे थांबायला हव्या होत्या. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत त्या काडेपेटी मागायला आल्या. नंतर शेळी सुटली म्हणून आल्या. शेळी बांधलेली होती.

भुराबाई वाळक्या, काटक, डोळ्यानं तेज. दारात तीन शेळ्या. "फुलंब्री? असं कुठं माणसाचं नाव असतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी आधी माझीच चौकशी केली. मग मी विचारलं, "आजी, तुम्हांला एकटं वाटतं का?"

त्या पळसाच्या दिशेनं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लेक साऱ्या जगाला विचारत फिरती. आईला विचारायला दुसऱ्याला धाडलं!"

"आई, नियम हाय तो!" पळसामागून आवाज आला.

"बघ, ऐकतीय," भुराबाई समाधानानं म्हणाल्या.

मी चिंचोके दिले. त्यांनी दहाही करवंटीत टाकले, विचार केला आणि एक काढून माझ्या हातावर ठेवला. "हा तिचा. ती हितं राहिली असती तर हा बी टाकला असता." पुन्हा विचार केला. "पर राहिली असती तर डोकं खाल्लं असतं. मग दोन काढावं लागलं असतं. नऊच बरं हाय."

पुढचा पावसाळाही कोरडा गेला. विहिरीच्या तळाला चिखल उरला. वस्तीतली कर्ती माणसं ऊसतोडीला गेली, म्हातारी माणसं लेकरांकडं गेली, आणि भुराबाई तीन शेळ्यांसोबत राहिल्या. बाईंनी जीप नेली आणि भांडून भांडून आईला उचलून आणलं. वाटेत वेरूळला मावशी राहायची, तिच्या दारात शेळ्या बांधल्या आणि आईला आपल्या घरी नेलं.

बाईंचं घर शहराच्या कडेला, नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन वर्षांपूर्वी जिथं ज्वारी होती तिथं आता प्लॉट पडले होते आणि इमारतींना नद्यांची नावं दिली होती. पाण्याला तिथंही टँकरच यायचा. "तिथं बी टँकर, हितं बी टँकर," भुराबाई म्हणाल्या म्हणे, "हितं वर जिना फुकट."

सुरुवातीचे काही दिवस बाई आईचे असे किस्से सांगायच्या. मग सांगेनाशा झाल्या. आणि एका सकाळी मी ऑफिसात शिरलो, चप्पल काढली, जागेवर जाऊन बसलो, तरी कुणी 'किती' विचारलं नाही. बाई पंख्याखाली नुसत्या बसल्या होत्या.

"काय झालं बाई?"

"आईला रोज विचारते, किती. ती म्हणती, दहा."

"मग चांगलंच आहे की."

"मी म्हणते, दहा कसं, आठ असंल. ती म्हणती, दहा. मी म्हणते, बरं, नऊ लाव. म्हणती, तू म्हणशील तसं." बाई माझ्याकडं वळल्या. "घासाघीसच करत नाय रे. माझी आई. बाजारात मिरचीवाल्याला रडवणारी बाई ती."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "दिवसभर खिडकीत बसती. खाली पोरं खेळतात, ती मोजती. मी म्हणलं, कशाला मोजती? तर म्हणती, शेरडं नायत ना." संध्याकाळी एखादं पोर दिसलं नाही की भुराबाई तिसऱ्या मजल्यावरून हाका मारायच्या. वसाहतीतल्या बायकांना ते आवडलं नाही. म्हातारी आमच्या लेकरांना मोजते, नजर लागेल, अशी तक्रार झाली. समजूत घालायला आलेल्या सेक्रेटरींना बाईंनी जिन्यातच असं झोडपलं, की ते चहा न घेता परत गेले. पण त्यानं भुराबाईंची खिडकी काही सुटली नाही.

दोन दिवसांनी बाई सरांपुढं उभ्या राहिल्या. "सर, मी वेरूळला राहायला चाललेय. आईला घेऊन. मावशीच्या शेजारी खोली बघितलीय. हातपंपाला अजून पाणी हाय तिथं."

"आणि नोकरी?"

"रोज येईन."

"रोज? बाई, तुम्हांला वडापर्यंत धड पोचता येत नाही."

"ओकत येईन," बाई म्हणाल्या.

आणि तशा आल्या. सीटं भरून धावणाऱ्या वडाप जीपमध्ये कोंबून घेऊन, घाट उतरून, हिरव्यापिवळ्या चेहऱ्यानं दारात उभ्या राहायच्या. इस्माईलभाई लिंबूपाणी तयार ठेवायचे. तोंडात अजून आलं असायचं तरी विचारायच्या, "फुलंब्री... किती?" त्या चेहऱ्यापुढं कोण घासाघीस करणार? मी निमूट त्या म्हणतील ते कबूल करायचो.

मग एक दिवस त्या दारातून ओरडतच आत आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. "फुलंब्री! सर! इस्माईलभाई! आई तीन म्हणाली!"

आम्हांला कळेना. सर केबिनमधून बाहेर आले. "तीन? दहापैकी?"

"तीन! मावशीशी भांडली शेळ्यांवरून. मावशी म्हणती, माझ्या शेवग्याचा पाला खाल्ला. आई म्हणती, तुझा शेवगाच कडू हाय, माझ्या शेळ्यांचं पोट बिघडलं. दोघी दिवसभर बोलल्या नायत. संध्याकाळी मी विचारलं किती, तर म्हणती तीन. मी म्हणलं पाच लाव. ती म्हणती, तीनच्या वर कवडी नाय देणार!" बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि त्या पेढे वाटत होत्या. "लई वेळ घासाघीस केली. चारवर आली शेवटी."

पाठक सरांनी पेढा घेतला. तो तोंडात टाकला. मग म्हणाले, "बर्डेबाई, माझा आज साडेसहा."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. पदरानं नाक पुसलं. "सहा लावा सर. पेढ्याचा अर्धा धरायचा नाय."

नंतर बाईंनी जुनी स्कूटी घेतली. स्वतः चालवलं की मळमळत नाही हा शोध त्यांना या वयात लागला आणि त्याबद्दल त्या सगळ्या जगाला दोष द्यायच्या. पुढं पाहणी संपली, जाडजूड अहवाल निघाला, संस्थेतली माणसं पांगली. मला दुसरीकडं काम मिळालं. बाई खुलताबादकडच्या एका शाळेत लागल्या असं ऐकलं.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. चांगला पाऊस झालेल्या साली, एका रविवारी, मी बसनं कन्नडला निघालो होतो. दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या वेशीत, जिथून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं नेहमीसारखी कोंडी झाली होती. इकडून बस घुसलेली, तिकडून ट्रक घुसलेला, मध्ये रिक्षा, पर्यटकांच्या गाड्या, आणि कुणीच मागं सरायला तयार नाही. मी खिडकीतून मान काढली तर वेशीच्या तोंडाशी, गाड्यांच्या मधोमध, बर्डेबाई. पदर खोचलेला. एका हातानं ट्रकला मागं ढकलल्यासारखं करत होत्या, दुसऱ्या हातानं आमच्या बसच्या चालकाला दम देत होत्या. "दोन हात मागं घे! बरं, एक हात घे. एक तर हात घेशील का नाय?"

बाजूला त्यांची स्कूटी उभी होती. तिच्यावर मागच्या सीटवर भुराबाई बसल्या होत्या, मांडीवर शेळीचं पांढरं करडू. कोंडीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या पुढं वाकून हँडलवरची बटणं निरखत होत्या. एक दाबून बघितलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं आणि हॉर्न वाजला. करडू दचकलं. भुराबाईही दचकल्या. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि पुन्हा दाबलं.

"आई! हात काढ!" बाई ओरडल्या.

म्हातारीनं हात काढला. बाई ट्रककडं वळल्या, तसा परत ठेवला.

ट्रक मागं सरला. बाई धावत येऊन स्कूटीवर बसल्या, आईवर खेकसल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी वेशीत शिरल्या. मी हाक मारली, पण ती कुणाला ऐकू जाणार? बाईंच्या कमरेला वेढा घालून एक सुरकुतलेला हात पुढं गेला होता, थेट बटणावर. गाडी वेशीच्या अंधारात दिसेनाशी झाली, तरी पलीकडच्या चढावरून हॉर्न वाजत राहिला.